अकरा ऑपरेटरांची हेल्पर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले माननीय व्यवस्थापक साहेब. मुख्य कार्यालयातून एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या वेतन विभागाच्या प्रमुख, आदरणीय मॅडम. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत जरा अवघडून बसलेल्या आणि ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत त्या आपल्या मोठ्या बाई. धुलाई, रोलर, घडी आणि ट्रॉली या चारही विभागांतले बंधू-भगिनी. निवृत्तीनंतर आज मुद्दाम आलेले जुने सहकारी. आणि तिसऱ्या रांगेत टोकाला बसलेले माझे आई-बाबा, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय छापला आहे, ‘आपल्या लाँड्रीतील समान वेतन : एक अभिमानास्पद वाटचाल’. तो विषय मीच सुचवला होता, दोन महिन्यांपूर्वी. तेव्हा मला तो खरा वाटत होता. आज मी त्या विषयावर बोलणार आहे, पण अभिमानाचं काही सापडलं नाही तर रागावू नका.

मॅडम, आपण आज पहिल्यांदाच इथे आलात, म्हणून थोडं सांगते. शहरातल्या सगळ्या इस्पितळांच्या चादरी आपल्याकडे येतात. धुऊन, पिळून, ओल्याच ट्रॉलीत भरून रोलरपाशी आणतात. हा रोलर म्हणजे दोन माणसं आडवी झोपतील एवढ्या रुंदीचा तापलेला दंडगोल. अलीकडच्या बाजूला दोन बायका चादरीची दोन टोकं धरतात, झटकतात आणि कड सरळ धरून पट्ट्यावर सोडतात. पलीकडे एक माणूस बटणांपाशी उभा असतो. त्याला म्हणतात ऑपरेटर. या बायकांना म्हणतात हेल्पर. आजवर आपल्याकडे एकही बाई ऑपरेटर झालेली नाही आणि एकही पुरुष हेल्पर झालेला नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही. मी शोधला.

मोठ्या बाई एकतीस वर्षं हेल्पर आहेत. उंचीनं त्या माझ्या खांद्याला लागतात, तरी सगळे त्यांना मोठ्या बाई का म्हणतात, हे मी लहानपणी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, “तिच्या समोर चादर धरून बघ एकदा, कळेल.” माझ्या आईनं नऊ वर्षं धरली. बाई एका टोकाला, आई दुसऱ्या टोकाला. मग आईची पाठ गेली आणि तिच्या टोकाला दुसरी कुणी आली. बाई आपल्या टोकाला तशाच राहिल्या. माझे बाबा त्याच रोलरचे ऑपरेटर होते. म्हणजे आमच्या घरातली दोन माणसं एकाच यंत्राच्या दोन बाजूंना उभी राहून कमवत होती, आणि मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी वारंवार सांगते असं घडी विभागातल्या ताया म्हणतात. खरं आहे. सांगते.

पदवी मिळाली ती संख्याशास्त्राची. त्यामुळे नोकरीला लागल्या लागल्या मला वेतन विभागात घेतलं आणि कारखान्यातल्या लोकांनी माझं नाव ठेवलं तक्तेवाली. तीन महिन्यांपूर्वी मुख्य कार्यालयाकडून पत्र आलं. कंपनीच्या पाच देशांत पाच लाँड्र्या आहेत. त्या सगळ्यांतल्या बायकांच्या आणि पुरुषांच्या पगाराची तुलना करून पाठवा. शिवाय तिथल्या वेगवेगळ्या समाजांप्रमाणेही पाठवा. साहेबांनी ते काम विश्वासानं माझ्यावर सोपवलं. इतका आनंद मला पदवीच्या दिवशीही झाला नव्हता. वाटलं, आता जगाचं काहीतरी कळणार.

बाकीच्या चारही ठिकाणी मी फॉर्म पाठवले. तुम्हाला काय सांगू, चार देशांतल्या चार कारकुनांकडून फॉर्म भरून घेणं म्हणजे काय असतं! एकानं पगाराच्या रकान्यात वय भरलं. एकीनं सगळ्या रकान्यांत लिहिलं, ‘मागच्या वर्षीप्रमाणे’. मागच्या वर्षी फॉर्मच नव्हता. स्मरणपत्रं, फोन, पुन्हा स्मरणपत्रं. पण अखेर आकडे आले. बर्फातल्या लाँड्रीत पुरुषाला शंभर मिळतात तेव्हा बाईला अठ्ठ्याऐंशी. बंदराजवळच्या लाँड्रीत एक्याऐंशी. खाणीजवळच्या लाँड्रीत चौऱ्याण्णव. विमानतळाजवळच्या लाँड्रीत नव्वद. हे सगळं एकाच पदावरच्या बाईचं आणि पुरुषाचं. आणि आपल्याकडे? आपल्याकडे शंभराला शंभर.

मी तो आकडा तीनदा तपासला. मग साहेबांच्या खोलीकडे जवळजवळ धावत गेले. साहेबांनी मला चहा मागवला. मॅडमनी पत्र पाठवून आपल्या लाँड्रीचं कौतुक केलं आणि ते पत्र साहेबांनी बाहेरच्या फलकावर लावलं. आपण सगळ्यांनी ते वाचलं असेल. टाळ्या वाजवल्या होत्या आपण.

आता आजच्या कार्यक्रमाला शोभणार नाही असं थोडं बोलते.

मोठ्या बाईंनी ऑपरेटरची ग्रेड मिळावी म्हणून अर्ज केला होता. पहिला अर्ज बारा वर्षांपूर्वी, दुसरा पाच वर्षांपूर्वी, तिसरा यंदा. ग्रेड मिळाली तर निवृत्तीनंतर दर महिन्याला जे हातात येतं ते बदलतं. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, ‘नोंद घेतली’. तिसरा सहा आठवड्यांपूर्वी परत आला. त्यानंतर एक दिवस बाई चहाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“तक्तेवाली तूच ना?”

“हो बाई. बसा ना.”

“बसले की उठवत नाही. उभ्यानंच सांग. माझ्या अर्जावर लिहून आलंय, ‘सोबतच्या तक्त्यानुसार तफावत आढळत नाही’. हा तक्ता तुझा?”

मी म्हटलं, हो. आणि काय सांगू, तेव्हाही मला थोडा अभिमानच वाटला. मी त्यांना समजावून सांगायला लागले.

“मला कोणाशी तोललंस?” त्यांनी विचारलं.

“आधी तुमच्याच पदावरच्या पुरुषांशी. पण हेल्परमध्ये पुरुष नाहीत, म्हणून ती ओळ गाळली.”

“गाळली?”

“तुलना शक्य नसली की गाळतात, बाई. तशी पद्धत आहे.”

“म्हणजे आम्ही सदतीस जणी गळलो. बरं. मग शंभर कोणाला मिळाले?”

“ऑफिसातल्या बायकांना. तिथे एका पदावर दोघं असतात.”

“म्हणजे तुला.”

मी फाइलमधून दुसरा कागद काढला. मग म्हटलं, “पण बाई, दुसरा तक्ता आहे ना, समाजाप्रमाणे केलेला. त्यात तुम्ही आहात. बाहेरून आलेल्या बायका आणि बाहेरून आलेले पुरुष. तिथेही शंभराला शंभर.”

बाई बाहेरून आलेल्या समाजातल्या. आपल्याकडच्या सगळ्या हेल्पर आता त्याच समाजातल्या आहेत. शहरातल्या बायका माझ्या आईच्या वेळी रोलरवर यायच्या, आता माझ्यासारख्या होऊन ऑफिसात बसतात. आणि बाईंच्या समाजातले पुरुष सगळे ट्रॉली ढकलतात.

“ट्रॉलीवाल्यांशी तोललंस होय!” बाई हसल्या. खरंच हसल्या. “अगं, ते आणि आम्ही एकाच तळाला. तळाला कसली तफावत शोधतेस? त्या पलीकडच्याशी तोलायचं होतंस, बटणापाशी उभा असतो त्याच्याशी.”

“तो ऑपरेटर आहे, बाई. पद वेगळं, काम वेगळं.”

“त्याला ऑपरेटर कोणी केला?”

आणि मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. अकरा. एकतीस वर्षांत त्या रोलरवर अकरा ऑपरेटर आले. प्रत्येक वेळी सुपरवायझर नव्या माणसाला घेऊन यायचा आणि म्हणायचा, “बाई, याला जरा दाखवा.” पातळ चादर कुठल्या वेगानं सोडायची, जाड पांघरूण आलं की उष्णता किती वाढवायची, चादर जास्त ओली आहे हे उलट्या हातानं कसं ओळखायचं, कड वाकडी गेली तर यंत्र कधी थांबवायचं. तीन आठवडे बाई त्याला दाखवायच्या. चौथ्या आठवड्यात तो यंत्राच्या नोंदवहीवर सही करायला लागायचा आणि बाई पुन्हा आपल्या टोकाला. त्याचा पगार पहिल्याच दिवसापासून बाईंपेक्षा जास्त.

“मग तुम्ही कधी बोलला नाहीत?” मी विचारलं. पदवीधर माणसं असे प्रश्न विचारतात.

“तीन अर्ज केले. तिसऱ्याला तू उत्तर दिलंस,” त्या म्हणाल्या आणि चहाची सुट्टी संपली म्हणून गेल्या.

मंडळी, त्या दिवसापासून मी दमले आहे. मी पुन्हा सगळे फॉर्म काढले. बंदराजवळच्या लाँड्रीबद्दल मी मोठ्या आनंदानं टीप लिहिली होती, ‘सीमेपलीकडून आलेल्या समाजात स्त्री-पुरुष तफावत जवळजवळ नाही, शंभराला सत्त्याण्णव’. आता मी त्याच बायकांना तिथल्या मूळच्या पुरुषांशी तोललं. एकसष्ट. त्यांचे स्वतःचे पुरुषच खाली ढकललेले होते, म्हणून बायका त्यांच्या बरोबरीनं दिसत होत्या. बर्फातल्या लाँड्रीचा अठ्ठ्याऐंशी मला वाईट वाटला होता; पण तिथे निदान एका यंत्रावर बाई आणि पुरुष दोघंही ऑपरेटर आहेत, म्हणून तफावत दिसते तरी. आपल्याकडे ती दिसावी अशी जागाच ठेवलेली नाही. मग मी मोठ्या बाईंना त्या अकरा जणांशी तोललं. त्यांना शंभर, तर बाईंना चौसष्ट. पाचही देशांच्या यादीत आपण पहिले होतो. आता कुठे आहोत हे मला सांगावंसं वाटत नाही. मॅडमच्या हातात तक्ता देईन तेव्हा त्या बघतीलच.

साहेबांबद्दल गैरसमज नको. साहेब वाईट नाहीत, त्यांच्यापुढे मीच दिलेला कागद होता. नवा तक्ता घेऊन गेले तेव्हा त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, “आकडे ठीक आहेत. पण या बाई यंत्र चालवत होत्या, शिकवत होत्या, याला पुरावा काय? वहीत एकही सही नाही त्यांची. हजेरीपटावर नाव आहे तोवर पुरावा आणा, मी अर्ज पुन्हा उघडतो.”

वहीत सही नाही, कारण सही ऑपरेटरनं करायची असते. मग पुरावा कोण? ते अकरा जण.

त्यातले तिघं आता नाहीत. एक परदेशी गेला. उरले सात. मी सुट्टीच्या दिवशी घरोघर फिरले. त्यांच्यातले काही जण इथे बसले आहेत, मी कुणाकडे बघत नाही. एक काका म्हणाले, “शिकवलं असं नाही म्हणता येणार, दाखवलं.” मी म्हटलं, तसं लिहा. म्हणाले, “लिहायला हात थरथरतो.” दुसऱ्यांनी विचारलं, “तिची ग्रेड वर गेली की माझी खाली येईल का?” नाही येत, काका, हे मी आजही सांगते. तिसऱ्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी नाव ऐकल्याबरोबर कागद मागितला, सुनेकडून लिहवून घेतलं आणि खाली अंगठ्याएवढी मोठी सही केली. म्हणाले, “ती बाई नसती तर माझी बोटं रोलरमध्ये गेली असती, लिहू का तेही?” लिहिलं. असे चार कागद जमले.

शेवटचं घर माझंच होतं. अकरांपैकी सातवे ऑपरेटर म्हणजे माझे बाबा.

बाबा, मी घरातलं सांगते आहे. आई म्हणाली सांग.

मी जेवताना विषय काढला. बाबा म्हणाले, “माझं मी शिकलो. बायका नुसती चादर धरायच्या.”

आई म्हणाली, “पहिल्या दिवशी चादर अडकली तेव्हा तुम्ही दाराकडे पळालात.”

“पळालो नव्हतो. साहेबांना बोलवायला गेलो होतो.”

“साहेब दुसऱ्या दाराला होते. रोलर बंद केला तो तिनं. मी समोरच होते ना, दुसरं टोक धरून.”

“एवढ्या वर्षांनी काय उकरून काढताय मायलेकी?”

“मी नाही काढत. तुमची पदवीधर काढतेय. तिला शिकवलंत ना?”

बाबा ताटावरून उठले. मला त्यांचा राग आला नाही. मला माहीत होतं त्यांना काय डाचत होतं, कारण मला तेच डाचत होतं. माझी फी बाबांच्या पगारातून जायची. आईच्या पगारातून रोजचा बाजार. आणि बाबांच्या पगारात नि बाईंच्या पगारात जे अंतर होतं, त्यातून माझी पुस्तकं आली. पगारातली तफावत मी पाच देशांत शोधत होते. तिच्यावर मी स्वतः शिकले, हे माझ्या कुठल्या तक्त्यात बसलं नाही.

त्या जेवणाला आज बारा दिवस झाले. आज सकाळी मी चपला घालत होते तेव्हा बाबांनी एक घडी केलेला कागद माझ्या हातात दिला आणि आत जाऊन रेडिओ लावला. त्यांच्या परवानगीनं वाचते. परवानगी मी आता मागते आहे, बाबा.

“मी या रोलरवर अठरा वर्षं ऑपरेटर होतो. मला यंत्र मोठ्या बाईंनी शिकवलं. मी चहाला किंवा डॉक्टरकडे जायचो तेव्हा यंत्र त्याच चालवायच्या आणि वहीत सही मी करायचो. माझा पगार त्यांच्यापेक्षा जास्त होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.”

खाली सही आहे. आणि आजची तारीख.

टाळ्या नकोत, कृपया. बाबांना अवघडल्यासारखं होईल, आणि वेळ कमी आहे.

हा पाचवा कागद घेऊन मी दुपारी साहेबांकडे गेले होते. साहेब मॅडमच्या स्वागताच्या गडबडीत होते, ते मी समजू शकते. ते म्हणाले, “सोमवारी बघू.” पण आज संध्याकाळी सहा वाजता पाळी संपली की मोठ्या बाईंचं नाव हजेरीपटावरून निघतं. सोमवारी अर्ज उघडायला अर्जदारच नसेल. आता पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत.

मला निर्णय नको आहे, मॅडम. मला माहीत आहे, निर्णयाला वेळ लागतो, समिती लागते, आणि कदाचित उत्तर नाही असंच येईल. बाई मला म्हणाल्याच, “आलं तर आलं, नाहीतर माझी मी जगेन. तू आपली पुढच्या वेळी कुणाची ओळ गाळू नकोस.” मी फक्त पोच मागते आहे. हे पाच कागद, हा दुरुस्त तक्ता आणि बाईंचा अर्ज मिळाला, एवढ्या एका ओळीवर आजच्या तारखेची सही. साहेबांची किंवा आपली, कुणाचीही चालेल. मी अजून नोकरीत कायम झालेले नाही, हे मला ठाऊक आहे. बाहेरच्या फलकावरचं कौतुकाचं पत्र मात्र मी येताना काढून आणलं आहे. ते चुकीच्या तक्त्यावर आलं होतं, म्हणून तेही या कागदांबरोबर परत करते.

मोठ्या बाईंबद्दल गौरवाचे चार शब्द बोलायचे होते, ते राहूनच गेले. त्यांना ते फारसे आवडलेही नसते. त्या सकाळपासून मला एवढंच सांगताहेत की लांबण लावू नकोस, पाय दुखतात. तेव्हा आवरते. मला बोलायला दिलंत याबद्दल अध्यक्ष साहेबांचे आभार. मॅडम, आपण मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत, त्याबद्दल आपले विशेष आभार. ज्या चार काकांनी लिहून दिलं त्यांचे, आणि ज्यांनी नाही दिलं पण मला पाणी विचारलं त्यांचेही. आईचे आणि बाबांचे आभार मानायची आमच्या घरी पद्धत नाही, म्हणून मानत नाही.

बोलताना कुणाला लागलं असेल, मानपान चुकला असेल, एखाद्याचा उल्लेख राहिला असेल, तर लहान समजून पदरात घ्या. तक्त्यातली चूक मात्र कुणी पदरात घेऊ नये. ती माझ्या नावावर राहू द्या.

आणि आणखी एका गोष्टीची आधीच माफी मागते. भाषण संपलं की वक्त्यानं जागेवर जाऊन बसायचं असतं. मी इथेच उभी राहणार आहे, पोच मिळेपर्यंत. पेन माझ्याकडे आहे.